वासूची खोली कोणी घालवली

ही गोष्ट मी पस्तीस वर्षांहून जास्त काळ टाळली. टाळली म्हणजे सांगितली नाही असं नव्हे. सांगितली, दहा ठिकाणी सांगितली, पण खोटी सांगितली, आणि पेडण्यातल्या आमच्या मांद्र्यात ती अजून तशीच सांगतात. गाव सोडून गेलेल्यांच्या आठवणींचं पुस्तक गावातली तरुण मंडळी काढणार आहेत. मला निरोप आला की भाषेच्या आंदोलनात मराठीवाला म्हणून वासू शिंप्याला पणजीतून कसं हाकललं ते तुम्हीच लिहा, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. हो, पाहिलंय. जेवढं मी पाहिलंय तेवढं कोणीच पाहिलेलं नाही. म्हणून लिहितो. छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. छापलंत तर एक ओळ गाळू नका.

मी आणि वासूने गाव एकाच सकाळी सोडलं. मला पणजीत एका सरकारी खात्यात कारकुनी मिळाली होती, वासूला बाजाराजवळच्या शिंप्याच्या दुकानात एक मशीन. माझी ट्रंक त्याच्या डोक्यावर होती, त्याची स्वतःची पिशवी खांद्याला. माझ्या हातात छत्री. यात काही चुकतंय असं तेव्हा मला वाटलं नाही, त्यालाही वाटलं नाही. वडील रस्त्यापर्यंत चालत आले. बस दिसली तेव्हा हळूच म्हणाले, "वासू आपलो मनीस. ताका उघड्यार घालू नाका." उघड्यावर टाकू नको. एवढंच बोलले आणि मागे वळले.

चोपड्याच्या फेरीबोटीत वासू माझ्या नव्या पँटकडे बघून हसत होता. ती त्यानेच शिवली होती. "भाई, सायब झाल्यार तुमचा पोट सुटतला. दोन बोटां कपडो आत मुडपून ठेवलोय, उसवून देयन." पलीकडे शिवोलीचा धक्का येईपर्यंत आम्ही दोघे त्या माझ्या पुढच्या पोटावर हसलो.

वासू कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याचं घर आमच्या भाटात, माडांच्या बागेत. तो आमचा मुंडकार. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून पिढ्यान् पिढ्या राहतो तो मुंडकार. त्याच्या आजोबाने घराचा पाया घालण्याआधी आमच्या आजोबापुढे नारळ आणि विडा ठेवला होता. आजोबाने नारळ घेतला. झालं. भाडं नाही, पावती नाही, कागद नाही. चवथीला परसातली पहिली दोडकी, पहिला भोपळा आमच्याकडे यायचा, लग्नकार्यात त्यांची माणसं राबायची, आणि नारळ घेतलेल्या भाटकाराने त्यांना काढायचं नाही, ही रीत. कायदा त्यानंतर आला. वासूला कायदा ठाऊक नव्हता. त्याला नारळ ठाऊक होता.

पणजी आमच्यासाठी महानगर होतं. आज मुंबई-पुण्याची मंडळी तिला खेडं म्हणतात, म्हणोत. दर महिन्याला ठरलेला पगार आणणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या शहरात पाय टेकायला जागा नव्हती. पहिले सहा महिने मी एका खानावळीच्या माडीवर सहा जणांच्या खोलीत एक खाट घेऊन राहिलो. वासू दुकानात कापड बेतायच्या मेजाखाली निजायचा. रविवारी आम्ही दोघे खोली शोधत फिरायचो. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या मागे, सांतिनेजच्या ओहोळाकाठी, आल्तिनोच्या उतारावर. जिथे जनेल, म्हणजे खिडकी, बंद दिसेल तिथे चौकशी करायची, कारण बंद जनेल म्हणजे रिकामी खोली. रिकाम्या खोल्या खूप होत्या. हे लक्षात ठेवा. जागा नव्हती असं जे सांगतात ते खोटं सांगतात. जागा होती, ती आम्हाला द्यायची नव्हती.

सगळीकडे पहिला प्रश्न तोच. खंयचे तुमी? पेडण्याचे म्हटलं की तोंड बदलायचं. पुढे मासे खाता का, लग्न झालंय का, झालं नसेल तर होणार आहे का, हे सगळं विचारून व्हायचं, पण उत्तर पहिल्या प्रश्नातच ठरलेलं असायचं. भाड्याच्या कायद्याने भाडेकरूला बाहेर काढणं अवघड झालं होतं. म्हणून घरवाल्यांना बाहेरून बदलीवर आलेली बँकेतली माणसं हवी असायची, दोन-तीन वर्षांत परत जाणारी. आम्ही गोव्याचे, म्हणजे आम्ही राहणार. आपल्याच राजधानीत आपण आपल्याच भागातले आहोत म्हणून खोली मिळत नाही, याचा संताप मला तेव्हा आला आणि तो अजून गेलेला नाही. सांतिनेजला एका म्हातारीने आम्हाला बसवून चहा दिला. मी तिच्यावर छाप पडावी म्हणून शुद्ध मराठी बोलत होतो, वासू आपला पेडण्याची कोंकणी. ती म्हणाली, "मराठी उलयात, कोंकणी उलयात, म्हाका कांयच पडूंक ना. तुमी वतले केन्ना तें सांगात." बोला काहीही, जाणार कधी तेवढं सांगा. त्या शहरात मला भेटलेली ती एकटीच प्रामाणिक घरमालकीण.

शेवटी मळ्यात वामनबाबांकडे खोली मिळाली. मळा म्हणजे पणजीतला टेकडीखालचा जुना भाग. वामनबाब निवृत्त, विधुर, दोन मुली. लांबट कौलारू घर, त्यात फळ्यांच्या भिंती घालून केलेल्या खोल्या, बाहेर बसायचा बाल्कांव, मागे विहीर. मुलींशी ते कोंकणीत बोलायचे आणि आमच्याशी फक्त मराठीत, तेही असं की आपण आपलं वाक्य तपासून बोलावं. मराठीवर त्यांचं खरंच प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. त्यांनी माझं अक्षर पाहिलं, आवडलं, आणि रस्त्याकडची खोली दिली. पहिल्या महिन्यात मी पावती मागितली. त्यांचा चेहरा उतरला, पण दिली. मी कारकून होतो, मला कागदाची किंमत कळत होती.

वर्षभराने वासूचं शेवंतीशी लग्न ठरलं आणि विहिरीकडची मागची खोली त्याने घेतली. मी मध्यस्थ नव्हतो, हे नीट वाचा. व्यवहार वासूचा आणि वामनबाबांचा. भाडं ठरलं, पहिल्या तारखेला हातात द्यायचं ठरलं, मी तिथे उभा होतो. वासूने बाल्कांवाच्या पायरीवर पानाचा विडा ठेवला, त्यावर सोललेला नारळ ठेवला, आणि वाकला. वामनबाबांनी तो नारळ दोन्ही हातांनी उचलून घेतला. मुलींना हाक मारून आत द्यायला सांगितलं. ते पणजीचे, त्यांना वाटलं गावचा माणूस आहे, नारळ आणलाय. वासूला वाटलं आपण राहिलो.

मी त्याला एकदा म्हटलं, पावती माग. तो माझ्याकडे बघतच राहिला. "नारळ घेतलो मां तेणी? मगे कागद कित्याक? आमच्या घराचो कागद आसा तुमच्या बापायकडे? ना मां? कोणी काढलो आमकां?"

यावर बोलायला खूप होतं. हे भाट नव्हे, हे शहर आहे. हे भाटकार नव्हेत, मालक आहेत. इथे नारळाचं खोबरं करतात. बोललो नाही. खरं सांगायचं तर त्याचं बोलणं मला सुखावून गेलं. माझ्या बापाच्या शब्दावर एवढा विश्वास असलेला माणूस मला दुखवायचा नव्हता. मी हसलो आणि विषय तिथेच राहिला.

मग वासू वामनबाबांशी मुंडकारासारखा वागू लागला. भाडं तर देतच होता. वर चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी गावाहून फळं, काकड्या, सुपाऱ्यांचा घोस. त्यांचे सदरे शिवून द्यायचा, जनेलांचे पडदे, मुलींचे ब्लाउज. शेवंती अंगण झाडायची, विहिरीवरून त्यांच्या न्हाणीत पाणी भरायची. वामनबाब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, हा आमच्या घरचाच माणूस. ते ऐकून वासूची मान ताठ व्हायची. घरचा माणूस म्हणजे ज्याला कागदावर कुठेही नाव नाही तो, हे मला समजायला हवं होतं. समजतही होतं.

सात-आठ वर्षं अशी गेली. माझं लग्न झालं, वासूला मुलगी झाली. फळ्यांच्या भिंतीमुळे दोन्ही संसार एकच झाले होते. सकाळी पोदेराच्या सायकलची पोंगी वाजली की शेवंती दोन्ही घरांचे पाव घ्यायची. माझी बायको सुधा आमटीला फोडणी द्यायची तेव्हा पलीकडून वासू ओरडून सांगायचा, वहिनी, लसूण करपली. आम्ही दोघेही गरीब होतो आणि ते मला कधी जाणवलं नाही. नंतर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा जास्त जाणवलं.

मग शहाऐंशीच्या पावसाळ्यात मांडवीवरचा पूल पडला. बार्देशातून, पेडण्यातून रोज येणारे हजारो लोक पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. ज्याला परवडत होतं तो पणजीत खोली शोधू लागला. बंद जनेलं धडाधड उघडली. जी खोली कोणाला द्यायची नव्हती ती आता दुप्पट भाड्याने, बाहेरच्या अधिकाऱ्याला, अकरा महिन्यांच्या कागदावर द्यायची सोय झाली. त्याच दिवसांत राजभाषा कोंकणी की मराठी, हे भाषेचं आंदोलन पेटलेलं होतं. गावोगाव सभा, मोर्चे, भिंतींवर अक्षरं. वामनबाब मराठीच्या सभांत पुढच्या रांगेत खुर्चीवर असायचे, मी मागे उभा. आणि सभेचे कापडी फलक कोण शिवायचं? वासू. मागच्या खोलीत, स्वतःच्या मशीनवर, लाल कापडातून मराठीची अक्षरं कापून पांढऱ्यावर शिवायचा. फुकट. वामनबाबांनी सांगितलंय म्हणून.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की पुढे कोणी म्हणू नये, मला माहीत नव्हतं.

चवथीला पेडण्याचा माणूस पणजीत राहत नाही. खोलीला कुलूप लावतो आणि गावी जातो, हे अख्ख्या पणजीला ठाऊक. त्या वर्षी वासू बायकोमुलीला घेऊन तीन दिवस आधीच गेला, कारण आमच्या घराची साफसफाई, माटोळी बांधणं, सगळं त्याच्याकडे. सुधेला सातवा महिना होता म्हणून आम्ही दोघे राहिलो. वासू गेला त्याच दिवशी दुपारी वामनबाबांनी मला आत बोलावलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला दिवाणखान्यात कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसवलं. त्यांच्यासमोर मेजावर टंकलेखन केलेला एक कागद होता.

त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. वासू तुमचा पोटभाडेकरू आहे की पाहुणा? पोटभाडेकरू असेल तर तुम्ही मला न विचारता जागा दुसऱ्याला दिलीत, मग कायद्याने तुम्हा दोघांनाही जावं लागेल. पाहुणा असेल तर प्रश्नच नाही. पाहुणा आपल्या घरी गेला."

मी म्हटलं, तो माझा कोणीच नाही, तो तुमचा भाडेकरू आहे. दर महिन्याला तुमच्या हातात भाडं देतो.

"पावती?" ते म्हणाले.

मला आजही तो एक शब्द ऐकू येतो. बाहेर विहिरीजवळ शेवंतीने वाळत घातलेलं मुलीचं झबलं होतं, घाईत राहून गेलेलं. मी त्या झबल्याकडे बघत विचार केला. विचार केला, हे महत्त्वाचं. रागात नाही, भीतीने भांबावून नाही. सातवा महिना, दवाखाना जवळ, पूल पडलेला, नवी खोली मिळणार नाही, मिळाली तर परवडणार नाही. वासूचं काय, त्याला गाव आहे, भाटात घर आहे, मी आहे. मी आहे! हे शब्द मी मनात म्हटले आणि खिशातलं पेन काढलं. कागदावर लिहिलं होतं की सदर वासुदेव हा माझ्या गावचा असून माझ्याकडे पाहुणा म्हणून येऊन-जाऊन राहत असे, मागील खोलीशी त्याचा भाडेकरू म्हणून संबंध नाही, त्याने मालकांस कधीही भाडे दिलेले नाही. खाली मी माझ्या चांगल्या अक्षरात सही केली. वामनबाबांनी ती उचलून पाहिली आणि म्हणाले, सही अशी असावी.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. सामान बाल्कांवात आणून ठेवायला दोन गडी होते. शिवणाचं मशीन जड, लोखंडी पायाचं. एका गड्याला ते दारातून वळवता येईना. मी दुसरं टोक धरलं. कोणी सांगितलं नव्हतं. मशीन खराब होऊ नये म्हणून धरलं असं मी सुधेला सांगितलं. ती आत गेली. पावसाची झड बाल्कांवात येत होती. मी मशीनवर माझं जुनं चादरीचं पटकूर टाकलं आणि त्या दिवसापुरतं मला वाटलं की मी वासूसाठी काहीतरी केलं.

दीड दिवसाचा गणपती पोचवून वासू परत आला. हातात माझ्या आईने आमच्यासाठी दिलेली नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, करंडी, कडेवर मुलगी. मी माझ्या खोलीत जनेलाआड उभा होतो. त्याने सामान पाहिलं. आधी त्याला वाटलं असावं की घराची डागडुजी काढलीय, कारण तो हसत वामनबाबांकडे गेला. त्यांनी बाल्कांवातूनच कागद दाखवला. वासू चौथीपर्यंत शिकलेला, बोट ठेवून वाचायचा. त्याचं बोट ओळीवरून सरकत सरकत खाली माझ्या सहीपर्यंत आलं आणि थांबलं.

मग त्याने हाक मारली, "भाई." थोड्या वेळाने पुन्हा, "भाई, आसात मां घरात?"

मी घरात होतो. दाराची कडी आतून लावलेली होती, ती मीच लावली होती.

त्याने तिसऱ्यांदा हाक मारली नाही. नेवऱ्यांची करंडी माझ्या दाराशी ठेवली. मशीनचं वरचं डोकं सोडवून चादरीत गुंडाळलं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. शेवंतीने भांड्यांचं गाठोडं आणि मुलगी. बाकीचं सामान त्याचा दुकानातला सोबती नंतर घेऊन गेला. ते तिघे बेतीच्या फेरीकडे गेले. संध्याकाळी सुधेने करंडी आत आणली. नेवऱ्या आम्ही खाल्ल्या.

पंधरा दिवसांत मागच्या खोलीत बदलीवर आलेला एक अधिकारी राहायला आला. सभ्य माणूस. त्याचा यात दोष नाही.

आता खोट्याकडे येतो. दिवाळीला गावी गेलो तेव्हा वडिलांनी अंगणातच विचारलं, वासूची खोली कशी गेली रे? तो काही सांगत नाही. वासू तिथेच होता, माडाची चुडतं, झावळ्या, ओढून एका बाजूला रचत होता. मी म्हटलं, भाषेची गडबड चाललीय पणजीत, मराठीवाला म्हणून काढलं. कसं सुचलं मला ठाऊक नाही. तोंडातून निघालं आणि इतकं बरोबर बसलं की मलाच नवल वाटलं. वडील वासूकडे वळले. वासूने चुडत खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "व्हय बाब. तशेंच जालें."

त्याने माझं खोटं स्वतःच्या तोंडाने खरं केलं. का केलं हे समजायला मला फार अक्कल लागली नाही. त्याची म्हातारी आई ज्या घरात होती ते घर आमच्या भाटात उभं होतं. आणि मी भाटकाराचा मुलगा.

वडिलांनी ही गोष्ट देवळात सांगितली, दुकानावर सांगितली. गोवा राज्य झालं त्या वर्षी गावातल्या एका सभेत मला व्यासपीठावर बोलावून ती सांगायला लावली. मी सांगितली. डोक्यावर मशीन घेऊन निघालेला माणूस, कडेवर मूल, मागे बंद दार. सगळं खरं, फक्त दार कोणी बंद केलं ते सोडून. बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या पडल्या. त्यानंतर जेव्हा जेव्हा भाषेचा विषय निघाला, वासूचं नाव निघालं. आमच्या लोकांनी त्या गोष्टीवर आपला राग पोसला, मांद्र्यातल्या मुलांनी माझ्या खोट्यावर पणजीच्या मुलांशी भांडणं केली.

म्हणून आता स्पष्ट लिहितो. वासूला कोंकणीवाल्यांनी काढलं नाही. मराठीच्या सभेत पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने काढलं, आणि त्याच सभेत मागे उभ्या असलेल्या मी सही दिली. भाषेचा त्यात तिळभर संबंध नव्हता. दुप्पट भाड्याचा होता. भाषेच्या नावाने भांडायला आम्ही अख्खं गोवा रस्त्यावर आणलं, आणि गरिबाला शहरात एक खोली मिळावी म्हणून एकही मोर्चा निघाला नाही. ना त्यांचा, ना आमचा. मला दोन्ही बाजूंचा राग आहे, आणि या रागाच्या आड लपायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

तुम्ही गावात राहिलेल्यांनीही फार खूश होऊ नका. वामनबाबांचं घर आज निळ्या-पिवळ्या रंगात रंगवलेलं हॉटेल झालंय, ते बघून तुम्ही हळहळता. आणि मांद्र्यात काय चाललंय? समुद्राकडच्या प्रत्येक घरामागे चार-चार खोल्या, एसी, वायफाय. वेंगुर्ल्याकडून आमच्या शाळेत आलेल्या मास्तरणीला वर्षभरासाठी खोली मिळाली नाही. रोज बस करून येते. त्या खोल्या भर पावसाळ्यात रिकाम्या असतात, तरी नाही. खोल्या बांधणाऱ्या गवंड्यांना पुतण्याने आमच्या भाटात पत्र्याची शेड दिली आहे. मी विचारलं, कागद काय केलास? म्हणाला, काका, काळजी करू नका, भाडेकरू म्हणून लिहीतच नाही, ओळखीचे म्हणून लिहितो.  मी बोलायला हवं होतं, पण मी त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

वासू पुन्हा पणजीला आला नाही. शेवंतीचा भाऊ डिचोलीला खाणीच्या ट्रकवर होता, त्याच्या आधाराने ते तिकडे गेले. ट्रकवाल्यांचे खाकी कपडे शिवून वासूने हळूहळू चिऱ्यांचं दोन खोल्यांचं घर बांधलं. निवृत्त झाल्यावर पाच-सहा वर्षांनी मी त्याला भेटायला गेलो. क्षमा मागायलाच गेलो होतो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो.

दारात मला पाहून तो उठला, शेवंतीला हाक मारली, खुर्ची पुसून दिली. स्वतः स्टुलावर बसला. केस सगळे पांढरे, चष्मा जाड. सुधा कशी आहे, मुलगा काय करतो, वडील गेले तेव्हा मी येऊ शकलो नाही, असं बोलत राहिला. मी मध्येच म्हटलं, वासू, ती मळ्यातली खोली. तो मग शांतपणे म्हणाला, "भाई, दुसऱ्या कोणाची सही आसती जाल्यार मी कोर्टात गेल्लो. दुकानातले सगळे साक्ष दिवपाक तयार होते. तुमची बघली आनी गप रवलो."

शेवंती आत चहा करत होती. भांड्यांचा आवाज बंद झाला. तीही ऐकत होती.

माझ्या तोंडात शब्द आले होते. खरंच आले होते. तेवढ्यात वासू पुढे वाकला आणि माझी कॉलर बोटांत धरून म्हणाला, उसवलीय, काढा. मी नको म्हटलं. त्याने ऐकलं नाही. आमच्या माणसाने उसवलेल्या कॉलरीने परत जायचं? मी सदरा काढून दिला. वीस मिनिटं त्याच्या घरात बनियनवर बसून राहिलो, तो मशीनवर वाकलेला, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत. उघड्या अंगाने माणूस मोठं काही बोलू शकत नाही, असं मी स्वतःला समजावलं. सदरा घातल्यावर बोलू. सदरा घातला. मग त्याने रस्त्यापर्यंत सोबत केली, बस आली, आणि मी चढलो. कॉलरीचे पैसेही त्याने घेतले नाहीत, आणि मी ते देऊ केले नाहीत, कारण मुंडकाराला शिवणाचे पैसे आमच्या घरात कधी कोणी दिले नव्हते.

त्यानंतर दोन वर्षांनी वासू गेला. मला चार दिवसांनी कळलं.

तुम्ही सगळ्यांना विचारलंय, आज तुमच्यासाठी घर म्हणजे काय. मी पर्वरीला माझ्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. लिफ्ट आहे, पाणी आहे, खाली वॉचमन आहे, मला इथून कोणी काढू शकत नाही. दाराची घंटा वाजली की मात्र मी अजून आधी खिडकीच्या आडून बघतो, आणि मगच ठरवतो की घरात आहे की नाही. माझ्यासाठी घर म्हणजे हे. मांद्र्याचं घर आठवतं तेव्हा भाट आठवतं, भाट आठवलं की वासू, आणि मग मी दुसरं काहीतरी आठवू लागतो.

शेवंती हे वाचेल की नाही मला माहीत नाही. तिची मुलगी वाचेल, ती शिकलेली आहे. तिच्यासाठी, आणि ज्याला सांगायचं होतं तो आता नाही म्हणूनही, त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो ते इथे लिहून ठेवतो. भाटकाराने मुंडकाराची क्षमा मागायची रीत आमच्याकडे नाही, त्यामुळे वाक्य जुळवायला मला फार वेळ लागला होता. म्हापशाहून बसमध्ये बसल्यापासून डिचोलीला उतरेपर्यंत मी ते ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, आणि शेजारचा माणूस माझ्याकडे बघत होता. ते असं होतं: वासू, तू भाडं देत होतास, ते मी पाहिलं होतं. तू हाका मारल्यास तेव्हा मी घरात होतो. मला क्षमा कर.